पुढचा कोच कोण? चाहते नाव सुचवतात, पण निवडायचा अधिकार नेमका कुणाचा?

डिसेंबर २०१८चा पहिला आठवडा. सांगलीच्या स्मृती मानधनाने बीसीसीआयला एक पत्र लिहिलं. मागणी साधी होती, रमेश पोवारलाच भारतीय महिला संघाचा कोच म्हणून कायम ठेवा. असंच पत्र हरमनप्रीत कौरनेही पाठवलं होतं.

हरमनप्रीत टी-ट्वेन्टी संघाची कॅप्टन, स्मृती व्हाइस कॅप्टन. ज्यांना कोचसोबत रोज मैदानात उतरायचं होतं, त्या दोघींनीच सांगितलं की आम्हाला हाच माणूस हवा.

तरी पोवारला मुदतवाढ मिळाली नाही.

युरोपातला फुटबॉल बघणाऱ्यांना हा विषय चांगला ओळखीचा आहे. लागोपाठ तीन मॅच हरल्या की सातारा असो नाहीतर सांगली, रात्री जागून मॅच बघणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर दुसऱ्या दिवशी एकच चर्चा असते. मॅनेजरला काढा. मग त्याच्या जागी आणायचं कुणाला? प्रत्येकाकडे एक नाव तयार असतं आणि प्रत्येकाला वाटतं की आपलंच नाव बरोबर.

नावावरच्या या भांडणात एक प्रश्न मात्र मागे राहतो. कोच निवडायचा अधिकार कुणाचा आणि निवडायचं कशाच्या आधारावर? २०१८मध्ये भारतीय महिला क्रिकेटमध्ये जे झालं, ते या प्रश्नाचं आपल्याकडचं सगळ्यात ठळक उदाहरण आहे. सांगलीची पोरगी त्याच्या मधोमध होती.

वाद सुरू कुठून झाला?

स्मृतीचा जन्म मुंबईचा, पण ती दोन वर्षांची असताना कुटुंब सांगलीजवळच्या माधवनगरला आलं. वडील आणि भाऊ दोघंही सांगली जिल्ह्याकडून क्रिकेट खेळलेले. भावाचं बघून हिनेही बॅट हातात घेतली. नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालच्या संघात आणि अकराव्या वर्षी १९ वर्षांखालच्या संघात तिची निवड झाली. २०१३मध्ये गुजरातविरुद्ध तिने १५० बॉलमध्ये नाबाद २२४ रन केल्या, तेव्हा सगळ्या देशाला माधवनगर माहीत झालं.

२०१८च्या जूनमध्ये आशिया कपच्या फायनलमध्ये बांगलादेशने भारताला हरवलं. काही खेळाडूंची तेव्हाचे कोच तुषार आरोठे यांच्याबद्दल नाराजी असल्याच्या बातम्या आल्या आणि जुलैमध्ये आरोठे यांनी पद सोडलं. त्यांच्या जागी मुंबईचा माजी ऑफस्पिनर रमेश पोवार आला, तोही आधी तात्पुरता. पुढे त्याचा करार ३० नोव्हेंबरपर्यंत वाढवण्यात आला.

नोव्हेंबरमध्ये वेस्ट इंडीजला टी-ट्वेन्टी वर्ल्डकप झाला. भारताने गटातल्या चारही मॅच जिंकल्या. मात्र सेमीफायनलमध्ये इंग्लंडविरुद्ध मिताली राजला बाहेर बसवलं गेलं. त्याच स्पर्धेत पाकिस्तान आणि आयर्लंडविरुद्ध तिने अर्धशतकं केली होती. भारत ११२ वर ऑलआउट झाला आणि ८ विकेटने हरला.

तिथून सगळं उघड्यावर आलं. पोवारने आपला अपमान केला, असं मितालीने बीसीसीआयला मेल करून कळवलं. पोवारने अहवालात उलट मितालीच्याच वागण्याबद्दल तक्रार केली. दोन्ही बाजू पेपरात छापून आल्या. चाहते दोन गटांत वाटले गेले, एक मितालीचा आणि एक पोवारचा.

याच वेळी हरमनप्रीत आणि स्मृतीची पत्रं पोचली. मितालीला बाहेर ठेवायचा निर्णय एकट्या कोचचा नव्हता, तो सगळ्यांनी मिळून घेतला होता, असं हरमनप्रीतने पत्रात लिहिलं होतं.

दोन माणसांची समिती आणि दोन मतं

तेव्हा बीसीसीआयचा कारभार सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या प्रशासकांच्या समितीकडे होता. जानेवारी २०१७मध्ये समिती नेमली तेव्हा तिच्यात चार जण होते. त्यातल्या दोघांनी पद सोडलं आणि २०१८च्या शेवटी उरले दोघंच, विनोद राय आणि डायना एडुलजी.

या दोघांची मतं एकमेकांच्या विरुद्ध होती.

एडुलजींचं म्हणणं होतं की कॅप्टन आणि व्हाइस कॅप्टन उघडपणे लेखी सांगत असतील, तर त्यांचं ऐका. त्यांनी २०१७चा दाखला दिला. पुरुष संघाचे कोच अनिल कुंबळे आणि कॅप्टन विराट कोहली यांचं पटत नव्हतं. चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल संपल्यावर दोनच दिवसांनी कुंबळेंनी राजीनामा दिला. तिथे कॅप्टनचं मत चालतं, मग बायकांच्या संघात का नाही, हा त्यांचा सवाल होता.

राय यांची भूमिका वेगळी होती. करार संपला आहे, तर जाहिरात द्या, अर्ज मागवा, मुलाखती घ्या. पोवारलाही अर्ज करायला मोकळीक आहेच.

दोघांचं म्हणणं आपापल्या जागी पटण्यासारखं होतं, हीच यातली खरी अडचण. खेळाडूंना विचारलंच नाही तर ज्याच्यावर विश्वास नाही असा माणूस ड्रेसिंग रूममध्ये बसतो. खेळाडूंच्याच मतावर निवड केली, तर कोच उद्या त्याच खेळाडूला संघाबाहेर कसा बसवणार? ज्यांनी खुर्ची दिली त्यांना नाही म्हणणं अवघड जातं. शिवाय दोन सीनिअर खेळाडूंची पत्रं म्हणजे सगळ्या संघाचं मत होत नाही. ज्या तिसऱ्या सीनिअर खेळाडूचं कोचशी वाजलं होतं, तिचं काय?

शेवटी अर्ज मागवले गेले. कपिल देव, अंशुमन गायकवाड आणि शांता रंगास्वामी यांच्या समितीने २० डिसेंबरला मुलाखती घेतल्या. पोवारनेही अर्ज केला होता आणि दक्षिण आफ्रिकेच्या हर्शेल गिब्जनेही. शेवटच्या तीन नावांत गॅरी कर्स्टन, डब्ल्यू. व्ही. रामन आणि वेंकटेश प्रसाद होते. कर्स्टन आयपीएलचं काम सोडायला तयार नव्हता आणि रामन कोच झाले. ही समिती नेमण्याच्या पद्धतीवर एडुलजींनी आक्षेप घेतला होता, पण निवड झाली ती झालीच.

कुस्तीत आणि तिरंदाजीत असा वाद का होत नाही?

सातारा-सांगली हा तालमींचा भाग. तिथे पुढचा वस्ताद कोण, यावर पत्रं लिहायची वेळ सहसा येत नाही. पैलवान वस्ताद बघून तालीम निवडतो. पटलं नाही तर गादी गुंडाळून दुसऱ्या तालमीत जातो.

साताऱ्यातलं अलीकडचं उदाहरण तिरंदाजीचं आहे. ऑगस्ट २०२३मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली, तेव्हा ती १७ वर्षांची होती. फायनलमध्ये तिने मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला १४९-१४७ असं हरवलं. त्याच दिवशी पुरुषांमध्ये ओजस देवतळे जिंकला. ओजस नागपूरचा. तरी दोघांचे कोच एकच, साताऱ्याचे प्रवीण सावंत. कोच चांगला आहे म्हणून पोरगा नागपूरहून साताऱ्याला आला. समिती नाही, मतदान नाही, खेळाडूने स्वतःच निवड केली.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे त्याहून जुनं उदाहरण. खाशाबा मातीत वाढले. ऑलिम्पिकची कुस्ती मात्र मॅटवर होते आणि तिचे नियमही वेगळे असतात. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकआधी त्यांना रीस गार्डनर या अमेरिकी कुस्तीगिराचं मार्गदर्शन मिळालं. लंडनला ते सहावे आले. १९५२ला हेलसिंकीत त्यांनी ब्राँझ जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांना डाव शिकवायला कुणी नको होतं, मॅट समजावून सांगणारा हवा होता. गरज काय ते स्पष्ट असलं की माणूस निवडणं सोपं जातं.

सांघिक खेळात मात्र अकरा जणांना अकरा कोच ठेवता येत नाहीत. कुणीतरी एकाने सगळ्यांसाठी निवड करावी लागते. त्यामुळे तिथे वाद आलाच.

फुटबॉलमध्ये हा अधिकार कुणाकडे असतो?

याचं उत्तर देशागणिक बदलतं.

इंग्लंडमध्ये क्लब मालकाचा असतो आणि मॅनेजर ठेवायचा की काढायचा हे मालक आणि त्याचं बोर्ड ठरवतं. चाहत्यांच्या हातात घोषणा, फलक आणि रिकाम्या खुर्च्या एवढंच.

जर्मनीत काही अपवाद सोडले तर क्लबच्या मतांचा ५० टक्क्यांहून एक मत जास्त एवढा वाटा सभासदांकडे ठेवावा लागतो. म्हणजे मोठा गुंतवणूकदार आला तरी शेवटचा शब्द त्याचा नसतो.

स्पेनमध्ये बार्सिलोना आणि रिअल माद्रिद हे सभासदांचे क्लब. सभासद मतदान करून अध्यक्ष निवडतात. आपल्याकडच्या लोकांना हे समजायला सोपं आहे, कारण साखर कारखान्याची निवडणूक साधारण अशीच असते. सभासद संचालक निवडतात, कारखान्याचा कार्यकारी संचालक कोण असावा यावर सभासद मत देत नाहीत. बार्सिलोनाचा सभासदही कोच निवडत नाही. कोच निवडणारा माणूस तो निवडतो आणि निर्णय चुकला तर पुढच्या निवडणुकीत त्याला घरी बसवतो.

भारताच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा कोच अखिल भारतीय फुटबॉल महासंघ ठरवतो. मानोलो मार्केझ गेल्यावर २०२५मध्ये या पदासाठी १७० अर्ज आले. त्यात पेप ग्वार्दिओला आणि चावी यांच्या नावाचे मेलही होते आणि देशभर चर्चा पेटली. नंतर महासंघाने सांगितलं की ते मेल खरे नव्हते. चाहते चावीवर वाद घालत होते तेव्हा खरी यादी तीन नावांची होती, खालिद जमील, स्टीफन कॉन्स्टन्टाइन आणि स्टेफान तारकोविच. ऑगस्टमध्ये जमीलची निवड झाली. गोव्याच्या सावियो मदेरानंतर तेरा वर्षांनी भारतीय माणूस या जागी बसला.

चाहत्यांचा अंदाज चुकतो कुठे?

ॲलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६मध्ये मँचेस्टर युनायटेडला आले. पहिली ट्रॉफी मिळाली मे १९९०मध्ये. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर १९८९मध्ये, स्टेडियममध्ये एक फलक झळकला होता. तीन वर्षं नुसत्या सबबी ऐकल्या, आता निरोप घ्या, असा त्याचा अर्थ. तेव्हा त्या चाहत्याचं ऐकलं असतं तर पुढची १३ लीग विजेतेपदं त्यांच्या नावावर लागली नसती.

चाहतेच चुकतात असं मात्र नाही. २०१३मध्ये निवृत्त होताना आपल्या जागी डेव्हिड मोयेसचं नाव फर्ग्युसन यांनीच पुढे केलं. सहा वर्षांचा करार झाला आणि दहा महिन्यांत मोयेसला काढलं. जगातल्या सगळ्यात यशस्वी मॅनेजरने सुचवलेलं नावसुद्धा चाललं नाही.

उलटं उदाहरण बार्सिलोनाचं आहे. २००८मध्ये त्यांच्यासमोर दोन पर्याय होते. एक जोसे मोरिन्हो, पोर्तोसोबत चॅम्पियन्स लीग आणि चेल्सीसोबत दोन लीग जिंकलेला. दुसरा ग्वार्दिओला, कोच म्हणून अनुभव फक्त एका वर्षाचा, तोही क्लबच्या ‘ब’ संघाचा. मतदान घेतलं असतं तर मोरिन्होचं पारडं जड राहिलं असतं. क्लबच्या लोकांनी मात्र आधी आपल्याला कसा कोच हवा याचे निकष लिहून काढले आणि मग माणसं तपासली. ग्वार्दिओला आला आणि पहिल्याच हंगामात संघाने लीग, स्पॅनिश कप आणि चॅम्पियन्स लीग असं तिन्ही जिंकलं.

चाहते सहसा प्रसिद्ध नाव बघतात. संघाला कशाची गरज आहे, हा हिशोब त्या नावात दिसत नाही.

मग महिला संघाचं पुढे काय झालं?

रामन यांच्या काळात भारत मार्च २०२०मध्ये मेलबर्नला टी-ट्वेन्टी वर्ल्डकपच्या फायनलला पोचला. ८६,१७४ लोकांसमोर ऑस्ट्रेलियाने ८५ रननी हरवलं. वर्षभराने रामन यांचा करार संपला. पुन्हा जाहिरात निघाली आणि ३५हून जास्त अर्ज आले. मे २०२१मध्ये मदनलाल, सुलक्षणा नाईक आणि आर. पी. सिंग यांच्या समितीने निवड केली रमेश पोवारची.

अडीच वर्षांपूर्वी स्मृतीच्या पत्राने जे झालं नाही, ते अर्ज आणि मुलाखतीने झालं. वनडे संघाची कॅप्टन तेव्हा मिताली राजच होती. दोघांनी पुन्हा एकत्र काम केलं.

म्हणून सगळं सुरळीत झालं असंही नाही. २०२२च्या वर्ल्डकपमध्ये भारत सेमीफायनलला पोचलाच नाही. डिसेंबर २०२२मध्ये, टी-ट्वेन्टी वर्ल्डकपला दोन महिने उरले असताना, पोवारला राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत पाठवण्यात आलं. पुण्याचा हृषीकेश कानिटकर बॅटिंग कोच म्हणून आला. पुढे काही काळ नूशीन अल खदीर यांनी हंगामी काम पाहिलं. जुलै २०१८ ते ऑक्टोबर २०२३ या सव्वापाच वर्षांत संघाने पाच वेगवेगळ्या कोचच्या हाताखाली काम केलं आणि यातले दोघं दोनदा आले.

ऑक्टोबर २०२३मध्ये अमोल मुझुमदारची नेमणूक झाली. मुझुमदार भारताकडून एकही मॅच खेळलेला नाही. पहिल्याच रणजी मॅचमध्ये २६०, प्रथम श्रेणीत ११,१६७ रन आणि ३० शतकं, तरी भारताची कॅप नाही. सचिन आणि विनोद कांबळीने शाळेच्या मॅचमध्ये ६६४ची भागीदारी केली, तेव्हा पुढचा बॅट्समन म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा तो हाच.

२०२५च्या वर्ल्डकपमध्ये भारत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडकडून लागोपाठ हरला. इंदूरला इंग्लंडविरुद्ध स्मृतीने ८८ रन केल्या, पण मॅच ४ रननी गेली. कॅप्टन आणि कोचवर सोशल मीडियातून टीका सुरू झाली. नेहमीचंच चक्र, तीन पराभव आणि बदला माणूस.

या वेळी माणूस बदलला नाही. न्यूझीलंडविरुद्ध स्मृतीने १०९ केल्या. सेमीफायनलला भारताने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९चं टार्गेट गाठलं. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ रननी हरवून भारताने पहिल्यांदा महिला वर्ल्डकप जिंकला.

याचं सगळं श्रेय कोचला देणंही चूक ठरेल. २०२२मध्ये महिला आणि पुरुषांची मॅच फी समान झाली. २०२३ला विमेन्स प्रीमियर लीग सुरू झाली आणि नवख्या पोरींना मोठ्या मॅचची सवय लागली. मुझुमदारला तयार होत असलेला संघ मिळाला आणि सलग दोन वर्षं मिळाली. आधीच्या कोचना दोन्ही एकत्र मिळालं नव्हतं.

कोच बदलूच नये का?

तसं अजिबात नाही. स्मृतीच्याच क्लबचं उदाहरण घ्या. २०२३मध्ये तिच्या कॅप्टन्सीखाली बंगळुरूचा संघ पहिल्या पाच मॅच हरला आणि पाच संघांत चौथा आला. क्लबने एका हंगामात कोच बदलला. बेन सॉयरच्या जागी ल्यूक विल्यम्स आला, जो ॲडलेड स्ट्रायकर्ससोबत ऑस्ट्रेलियाची लीग जिंकून आला होता. मार्च २०२४मध्ये बंगळुरूने ट्रॉफी जिंकली. त्या फ्रँचायझीची ही पहिलीच ट्रॉफी. कॅप्टन मात्र तीच राहिली, सांगलीची.

एका ठिकाणी माणूस बदलून फायदा झाला, दुसऱ्या ठिकाणी ठेवून. त्यामुळे ‘काढा’ किंवा ‘ठेवा’ हे उत्तर दर वेळी सारखं नसतं. प्रश्न मात्र तेच असतात आणि ते साधारण तीन आहेत.

पहिला, संघाचं नेमकं अडतंय कुठे? डिफेन्स, फिटनेस, की ड्रेसिंग रूममधलं बोलणं? याचं उत्तर नसेल तर कुठलंही नाव म्हणजे निव्वळ आवड.

दुसरा, निवड कोण करणार आणि चुकली तर जबाबदारी कुणाची? बार्सिलोनाचा अध्यक्ष मतदाराला जबाबदार असतो. २०१८मध्ये दोघांच्या समितीत एकमत नव्हतं, तेव्हा जबाबदार कोण हेच स्पष्ट नव्हतं. खेळाडूंना पत्रं लिहावी लागली, कारण त्यांचं म्हणणं ऐकून घेणारी ठरलेली जागा नव्हती. खेळाडूंचं मत विचारायला हवं, तेही सगळ्यांचं आणि निवड सुरू व्हायच्या आधी. निवडायचा अधिकार मात्र त्यांच्याकडे नसलेलाच बरा.

तिसरा, नव्या माणसाला किती वेळ देणार? फर्ग्युसन यांना पहिल्या ट्रॉफीला साडेतीन वर्षं लागली. मोयेसला दहा महिने मिळाले.

हे तीन प्रश्न मँचेस्टरच्या क्लबला लागू पडतात, तसेच गावातल्या अकादमीला आणि शाळेच्या संघालाही. पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी नवा मॅनेजर सुचवला, तर त्याला एवढंच विचारून बघा, तो आला की आपलं नेमकं काय सुधारेल? उत्तर मिळालं तर चर्चा पुढे न्यायला हरकत नाही.